पहिल्या झोपड्यांचे फोटो : महारोगी सेवा समिती, वरोरा आणि आनंदवनाची सुरुवातीची वर्षे

महारोगी सेवा समिती, वरोरा, ही संस्था १९४९ साली स्थापन झाली. सरकारकडून मिळालेली ५० एकर खडकाळ, झुडपी जमीन, ६ कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि हाताशी १४ रुपये. एवढ्या बळावर मुरलीधर देविदास ऊर्फ बाबा आमटे, त्यांच्या पत्नी साधनाताई आणि विकास व प्रकाश ही दोन लहान मुले त्या माळावर राहायला गेली. तो माळ म्हणजेच आनंदवन. आनंदवनाचा इतिहास सांगणारा प्रत्येक जण ही यादी सांगतो, आणि ती सांगायलाच हवी. या यादीत कॅमेरा नाही, याकडे मात्र सहसा कुणाचे लक्ष जात नाही.

घुग्घुसला जुन्या फोटोंची दुरुस्ती करणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला ते पहिल्यांदा जाणवते. ज्याच्याजवळ १४ रुपये आहेत तो रोल घेणार नाही, तो धुऊन आणायला शहरात जाणार नाही. आणि त्या काळी कुष्ठरोग्यांच्या वस्तीवर जाऊन फोटो काढून द्यायला कोणता स्टुडिओवाला तयार झाला असता? ज्यांच्या हातचे पाणी घ्यायला माणसे कचरत, त्यांच्यासमोर तिपाई लावून उभे राहणे दूरच. म्हणून आरंभीच्या दिवसांचे फोटो मुळातच फार थोडे निघाले असणार. जे निघाले ते बहुतेक बाहेरून आलेल्यांनी काढले. संस्थेचा लेखी इतिहास झोपडीपासून सुरू होतो, तिचा चित्रांतला इतिहास मात्र पाहुण्यांपासून. जुना आल्बम उघडताना हा फरक ध्यानात ठेवला नाही, तर आनंदवन म्हणजे उद्घाटने आणि थोरामोठ्यांच्या भेटी, असे वाटू लागते.

बाबांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ चा, हिंगणघाटचा. घर जमीनदाराचे. शिक्षण वकिलीचे. वरोऱ्यात वकिली करता करता ते नगरपालिकेच्या कामात पडले आणि सफाई कामगारांबरोबर डोक्यावर मैला वाहू लागले. १९४६ च्या डिसेंबरात इंदू घुले यांच्याशी लग्न झाले. त्याच पुढे साधनाताई. पावसात गटाराकडेला पडलेल्या, बोटे झडलेल्या तुळशीराम नावाच्या कुष्ठरोग्याला पाहून बाबा आधी भ्याले, पळाले, आणि त्या भीतीची लाज वाटून परत आले. ही हकिकत त्यांनी स्वतः पुन्हापुन्हा सांगितली आहे. पुढे कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कुष्ठरोगाचा अभ्यासक्रम त्यांनी केला. कुष्ठजंतूंची वाढ माणसात करून पाहता यावी म्हणून स्वतःच्या अंगावर प्रयोगही करू दिला.

याच सुमारास डॅप्सोन हे औषध हाती आले होते. नॉर्वेच्या हॅन्सनने कुष्ठाचा जंतू १८७३ साली दाखवून दिला, पण त्यावर खात्रीचा उपाय मिळायला पाऊण शतक गेले. समितीची स्थापना त्या वळणावरची आहे. रोग आवरता येऊ लागला होता. झालेली हानी मात्र भरून येत नव्हती, आणि बरा झालेला माणूस घरी गेला तर घर त्याला आत घेत नव्हते. त्याने जायचे कुठे? आनंदवन हे या प्रश्नाचे उत्तर होते. दवाखान्याला जोडून वस्ती झाली असे तिथे घडले नाही. माणसांनी आधी जमीन साफ केली, विहीर खणली, शेत केले, आणि त्या राबत्या वस्तीत औषधपाणी चालू राहिले.

त्या पहिल्या वर्षांविषयी सर्वांत जवळून लिहिले आहे ते साधनाताईंनी, 'समिधा'मध्ये. भिंती नसलेल्या झोपड्या, साप-विंचू, रानातल्या श्वापदांचा वावर आणि पाण्याचा वनवास. वरोऱ्याचा उन्हाळा ज्यांनी सोसला आहे त्यांना मुरमात विहीर खणणे म्हणजे काय ते सांगायला नको. हे काम करणाऱ्यांच्या तळहातांना संवेदना नव्हती. कुष्ठात बोटे आपोआप गळून पडतात, अशी समजूत आजही आहे. खरे घडते ते असे : जंतू नसांवर हल्ला करतो, हाताला चटका, टोचणे, घासणे कळेनासे होते. न कळलेल्या जखमा चिघळतात, हाडापर्यंत जातात आणि वर्षानुवर्षांत बोट आखूड होत जाते. असा हात टिकावाच्या दांड्यावर किती वेळ ठेवायचा हे दुखण्यावरून कळत नाही, डोळ्यांनी पाहूनच ठरवावे लागते. संध्याकाळी हात तपासायचे, धुवायचे, पट्ट्या बांधायच्या, सकाळी पुन्हा सब्बल धरायची. आनंदवनातली पहिली शेतजमीन अशी निघाली.

१९५१ च्या जूनमध्ये विनोबांच्या हस्ते आनंदवनाचे उद्घाटन झाले. भूदानाची सुरुवात त्याच वर्षी एप्रिलमध्ये पोचमपल्लीला झाली होती आणि विनोबा तेलंगणातून पायी पवनारकडे परतत होते. वाटेवर वरोरा लागले.

शेतात भाजी पिकू लागली, पण ती घ्यायला गावातले लोक तयार नव्हते. स्वावलंबनाच्या सगळ्या कल्पना त्या एका ठिकाणी येऊन अडल्या असत्या. तो पेच सुटला तो सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेच्या स्वयंसेवकांमुळे. स्वित्झर्लंडच्या पिएर सेरेझोलने पहिल्या महायुद्धानंतर, १९२० मध्ये, उद्ध्वस्त गावे अंगमेहनतीने उभी करण्यासाठी ही चळवळ सुरू केली. बिहारच्या १९३४ च्या भूकंपानंतर तिचे लोक भारतात येऊन गेले होते. १९५० च्या दशकात तिचे देशोदेशींचे तरुण आनंदवनात येऊन राहिले आणि कुष्ठरोग्यांच्या खांद्याला खांदा लावून त्यांनी दवाखान्याची पक्की इमारत बांधली. गोरी, सुशिक्षित माणसे इथे राहतात, इथलीच भाजी खातात आणि त्यांना काही होत नाही, हे वरोऱ्याने पाहिले आणि भाजी विकली जाऊ लागली. यात आपल्या समाजाविषयी कडू वाटावे असे पुष्कळ आहे. तरी त्या तरुणांचे ऋण कमी होत नाही.

जुन्या फोटोंच्या शोधात या स्वयंसेवकांना फार महत्त्व आहे. परदेशातून आलेल्या माणसाच्या पिशवीत कॅमेरा असण्याचा संभव त्या काळच्या इथल्या कोणाहीपेक्षा जास्त. त्याने काढलेले रोल त्याच्याच देशात धुतले जायचे, फोटो त्याच्या घरच्या आल्बमात लागायचे. आनंदवनाच्या पहिल्या भिंती रचल्या जात असतानाचे चित्र इथे मिळाले नाही, तर ते युरोपातल्या एखाद्या माळ्यावर असू शकते. त्या संघटनेचे जुने दप्तर स्वित्झर्लंडमधल्या ला शो-द-फाँ गावच्या ग्रंथालयात जपलेले आहे. शोध तिथपर्यंत न्यायला हवा.

आता फोटोंकडे येतो.

१९५० च्या दशकातला काळापांढरा फोटो म्हणजे कागदावर जिलेटिनचा थर आणि त्यात चांदीचे बारीक कण. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या हवेत त्याचे तीन शत्रू. उन्हाळ्यात कागद आखडतो आणि जिलेटिनला तडे जातात. पावसाळ्यात तेच जिलेटिन ओल धरते, बुरशी त्यावर पोसते, काचेच्या फ्रेममधला फोटो काचेला चिकटतो. आणि वाळवी-कसर तर बाराही महिने. घुग्घुसला यात कोळशाच्या धुळीची भर. ती इतकी बारीक असते की कपड्याने पुसली तर फोटोवर ओरखडे उठतात. मऊ ब्रशने, एकाच दिशेने, हलक्या हाताने झटकावी लागते. फोटोच्या काळ्या भागावर निळसर चकाकी आलेली दिसते, ती वर आलेली चांदी. ते बिघडण्याचे लक्षण आहे, पण ती घासून काढू नये. पिवळेपणा बहुतेक वेळा धुलाईचा : फोटो हायपोतून काढल्यावर पुरेशा पाण्यात धुतला नाही की वर्षांनी तो पिवळा पडतो. ज्या भागात प्यायच्या पाण्याचेच वांधे, तिथे फोटोला किती पाणी मिळणार?

काचेला चिकटलेला फोटो कधीही ओढून काढू नये. फ्रेमच्या मागचा पुठ्ठा काढून काचेसकट स्कॅन करावा. दोन्ही बाजू स्कॅन कराव्यात, कारण मागची बाजू अनेकदा पुढच्या बाजूइतकीच बोलकी असते. पहिला स्कॅन जसा आहे तसा, डागांसह, कायमचा ठेवायचा, आणि दुरुस्ती त्याच्या प्रतीवर करायची. मूळ फोटोला गोंद, चिकटपट्टी, लॅमिनेशन यांतले काहीही लावायचे नाही. लॅमिनेशनने किती फोटो मारले त्याला गणती नाही. लोक ते मायेने करतात आणि फोटो कायमचा जातो.

फोटो कधीचा, हे ठरवायला आपल्या भागाच्या इतिहासाचीच मदत होते. मागच्या शिक्क्यावर वा पाकिटावर मध्यप्रदेश असेल तर तो १९५६ च्या ऑक्टोबरपर्यंतचा, कारण तोवर वरोरा त्या राज्यात होते. मुंबई राज्य असेल तर नोव्हेंबर १९५६ ते एप्रिल १९६० मधला. महाराष्ट्र असेल तर त्यानंतरचा. चांदा असे जिल्ह्याचे नाव असेल तर बहुधा १९६० च्या दशकाच्या मध्यापूर्वीचा. पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. निगेटिव्हच्या पाकिटावर 'इंदू' हे नाव असेल तर तो रोल उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा, म्हणजे १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढचा. भामरागडकडच्या फोटोवर जिल्हा चंद्रपूर लिहिले असेल, तर तो २६ ऑगस्ट १९८२ च्या आधीचा असण्याची शक्यता मोठी, कारण गडचिरोली जिल्हा त्या दिवशी वेगळा झाला. अशा खुणा जमवत गेले की आल्बमला क्रम लागतो.

हे सगळे शिकता येते. अवघड भाग पुढे आहे.

फोटो दुरुस्तीला देणाऱ्याची नेहमीची मागणी अशी : डाग काढा, चेहरा उजळ करा, तुटलेला कोपरा भरा. जुने टचिंगवाले हे ब्रश-पेन्सिलीने करत, आता संगणक करतो. नवे सॉफ्टवेअर याहून पुढे जाते. फोटोतला गेलेला भाग ते अंदाजाने भरून काढते. त्याने हजारो हात पाहिलेले असतात, आणि हाताला पाच बोटे असतात हे त्याला ठाऊक असते. आनंदवनाचा जुना फोटो त्याच्या स्वाधीन केला तर ते काय करेल? टिकाव धरलेल्या हाताची आखूड बोटे ते बिघाड समजेल आणि लांब करेल. बसलेले नाक सरळ करेल. पट्टी बांधलेला पाय स्वच्छ पाय करेल. फोटो सुंदर होईल आणि खोटा होईल. ज्या हातांनी ती जमीन काढली त्या हातांची साक्षच पुसली जाईल.

याबाबतीत माझे मत ठाम आहे. कुष्ठरोग्यांच्या वस्तीच्या फोटोत कागदाला झालेली इजा दुरुस्त करावी, माणसाला झालेल्या इजेला हात लावू नये. भेगा, बुरशीचे ठिपके, वाळवीची भोके काढावीत. जिथे फोटोचा भागच उरलेला नाही तिथे करडा ठेवावा आणि मजकुरात तसे लिहावे. रंग भरू नयेत. झोपडीवर तुराट्या होत्या की गवत, लुगडे हिरवे होते की लाल, हे ज्याला माहीत नाही त्याने रंग देणे म्हणजे बनावट साक्ष देणे. बाबांच्या अंगातली बनियन आणि अर्धी चड्डी पांढरी होती हे सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाविषयी आपल्याला तेवढेही ठाऊक नसते.

त्या शेजारच्या माणसाचे नाव फोटोमागे नसते, हे मला डागांपेक्षा जास्त खुपते. पाहुण्याचे नाव असते, मंत्र्याचे असते. मध्यभागी घमेले घेऊन उभ्या असलेल्या बाईचे नसते. त्याला एक कारण होते आणि ते समजून घ्यायला हवे. आनंदवनात आलेल्यांपैकी पुष्कळांना घरच्यांनी टाकलेले होते. नाव-गाव छापले गेले तर मागे राहिलेल्या मुलीचे लग्न मोडेल, भावाला गावात राहणे कठीण होईल. काहींनी स्वतःच नाव लपवले. १८९८ चा कुष्ठरोग्यांना वेगळे काढणारा कायदा आपल्याकडे २०१६ पर्यंत रीतसर रद्द झालेला नव्हता, यावरून ही भीती किती खोल गेली होती ते कळेल. तेव्हा आज नावे शोधताना आधी त्या माणसाला, तो नसेल तर त्याच्या मुलाबाळांना विचारायचे. त्यांनी होकार दिला तर पूर्ण नाव छापायचे. नको म्हणाले तर फोटो संग्रहात ठेवायचा, नाव बंद पाकिटात ठेवायचे. आनंदवनातली जुनी माणसे वर्षागणिक कमी होत आहेत. हे काम स्कॅनिंगच्याही आधी व्हायला हवे. फोटो आणखी दहा वर्षे टिकेल, तो ओळखणारा माणूस टिकेलच असे नाही.

पुढची वाढ सर्वांना माहीत आहे, म्हणून भराभर सांगतो. १९६४ मध्ये वरोऱ्यात आनंदनिकेतन महाविद्यालय सुरू झाले. ज्यांची भाजी गाव घेत नव्हते, त्यांच्याच जागेत आता गावची मुले शिकायला येऊ लागली. संस्थेच्या इतिहासात मला ही घटना पुरस्कारांहून मोठी वाटते. १९६७ साली मूलजवळ सोमनाथचा प्रकल्प उभा राहिला. तिथेही तीच रीत : जंगलालगतची जमीन, कुष्ठमुक्त माणसे, आधी पाणी, मग धान. १९६८ पासून मे महिन्यात तिथे श्रमसंस्कार छावणी भरू लागली आणि महाराष्ट्रभरची तरुण मुले फावडी घेऊन येऊ लागली. मुलांबरोबर कॅमेरेही आले. इथून पुढे फोटोंची चणचण संपते.

२३ डिसेंबर १९७३ रोजी भामरागडजवळच्या हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्पाची सुरुवात झाली. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे, नुकतेच लग्न झालेले, झोपडीत राहायला गेले. भामरागडला इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या नद्या मिळतात. पावसाळ्यात त्यांना पूर आला की बाहेरच्या जगाशी संबंध तुटायचा. वीज नव्हती, रस्ता नव्हता, आणि माडिया लोकांची भाषा आधी शिकायची होती. १९७६ मध्ये शाळा निघाली. एका पिढीने आनंदवनात जे केले तेच पुढच्या पिढीने आणखी आतल्या रानात केले. मंदाताई आणि प्रकाशभाऊंना २००८ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. बाबांना तो १९८५ मध्ये मिळाला होता.

हेमलकशाच्या फोटोंचा प्रश्न वेगळा आहे. ते पुष्कळसे रंगीत काळातले. १९७० च्या दशकातल्या रंगीत फोटोतला निळसर-हिरवा रंग आधी उडतो आणि सगळे चित्र तांबूस होते. त्यात ते चिकट पानांच्या आल्बमात लावलेले असतील तर पानाचा गोंद मागून कागद खातो. हे फोटो काळ्यापांढऱ्यांच्या आधी हाती घ्यावेत, कारण ते लवकर मरतात. बिबट्याशी खेळणाऱ्या प्रकाशभाऊंचे फोटो जगभर गेले आहेत, त्यांची काळजी नाही. काळजी आहे ती त्या पहिल्या रांगेत दवाखान्यासमोर बसलेल्या माडिया बायाबापड्यांच्या फोटोंची. त्यांच्याखाली नुसते 'आदिवासी स्त्री' असे लिहिले जाते. भामरागड तालुक्यात त्यांची नातवंडे आहेत, शिकलेली आहेत, लोकबिरादरीच्या शाळेतूनच शिकलेली आहेत. आजीला ओळखायला त्यांच्याइतके योग्य कोण?

९ फेब्रुवारी २००८ रोजी बाबा गेले, ९ जुलै २०११ रोजी साधनाताई. समितीला २०२४ मध्ये ७५ वर्षे झाली. पहिल्या झोपड्या पाहिलेली माणसे आता बोटांवर मोजण्याइतकी.

या स्मरणिकेच्या वाचकांना म्हणून एक विनंती. वर्धेच्या काठावरच्या आपल्या घुग्घुसपासून वरोरा दूर नाही. इथल्या कोळसा खाणींत, सिमेंट कारखान्यात कामाला आलेल्या कुटुंबांतली, शाळा-कॉलेजांतली किती तरी मुले सोमनाथच्या छावणीला, आनंदवनाला जाऊन आली असतील. त्यांनी तिथे काढलेला एखादा गटाचा फोटो घरात ट्रंकेत, जुन्या वहीत, देवघरामागच्या फ्रेममध्ये असेल. तो शोधा. मागे मऊ पेन्सिलीने साल, जागा आणि आठवतील तेवढी नावे लिहा. पेनने लिहू नका, शाई पुढे उमटते. कापू नका, लॅमिनेट करू नका. मूळ फोटो तुमच्याजवळच ठेवा आणि दोन्ही बाजूंचा चांगला स्कॅन संस्थेकडे पाठवा. फोटोत तुमच्याबरोबर आनंदवनाची कुणी व्यक्ती असेल आणि तिचे नाव तुम्हाला आठवत असेल, तर ते नाव आधी लिहा, तुमचे नंतर.